कोबुर्गच्या ढालीवरचा काळा संत: एक नगरचिन्ह, दोन उलटे आक्षेप

जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या अगदी उत्तर टोकाला कोबुर्ग नावाचं चाळीस-एक हजार वस्तीचं शहर आहे. त्याच्या नगरचिन्हात सोनेरी ढालीवर एका काळ्या माणसाचं डोकं आहे. चेहरा बाजूने दिसणारा, केस कुरळे, ओठ ठळक, कानात सोन्याचं डूल. नगरपालिकेच्या कागदांवर, इमारतींवर, इतकंच काय रस्त्यातल्या गटारांच्या लोखंडी झाकणांवरही हा चेहरा आहे. गावकरी त्याला सरळ ‘कोबुर्गचा मूर’ म्हणतात. मूर म्हणजे जुन्या युरोपीय बोलीत आफ्रिकेतला काळा माणूस.

१९३४ मध्ये नाझींनी हे चिन्ह रद्द केलं, कारण जर्मन शहराची ओळख काळ्या माणसाच्या चेहऱ्याने व्हावी हे त्यांच्या वंशसिद्धांतात बसत नव्हतं. २०२० मध्ये याच चिन्हाविरुद्ध बर्लिनमधल्या दोन स्त्रियांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली, कारण काळ्या माणसाचं हे चित्रण वंशवादी आहे असं त्यांचं म्हणणं. वंशश्रेष्ठत्ववाल्यांनाही खुपलेलं आणि वंशवादविरोधकांनाही खुपलेलं असं चिन्ह क्वचितच सापडतं. नगरपालिकेचं उत्तर ठरलेलं आहे: हा कुणी अनामिक काळा माणूस नाही, हे आमचे ग्रामदैवत म्हणावेत असे संत मॉरिस आहेत आणि आम्ही त्यांचा मान राखतो.

तिघंही एकाच ढालीकडे बघतात, पण नाझींना दिसला रंग, नगरपालिकेला दिसतो संत आणि मोहीमवाल्यांना दिसतं रेखाटन. माझ्या मते या प्रकरणाची खरी गाठ संत आणि रेखाटन यांच्यामधल्या अंतरात आहे, आणि ते अंतर २०२० च्या कितीतरी शतकं आधी पडलेलं आहे.

संत मॉरिस कोण

गोष्ट रोमन साम्राज्यातली आहे, तिसऱ्या शतकाच्या अखेरची. दक्षिण इजिप्तमधल्या थीब्ज परगण्यातून उभी केलेली एक पलटण आल्प्स ओलांडून गॉलकडे, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे पाठवली गेली. पलटणीतले सगळे सैनिक ख्रिस्ती होते आणि मॉरिस त्यांचा म्होरक्या. सम्राट मॅक्सिमियनने ख्रिस्ती लोकांवर हत्यार चालवायचा हुकूम दिला, पलटणीने नकार दिला. शिक्षा म्हणून दर दहांतला एक सैनिक मारला गेला. तरी नकार कायम. पुन्हा दहांतला एक. शेवटी सगळी पलटण कापून काढली. ही जागा म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातलं सँ-मोरीस. तिथे ५१५ मध्ये बर्गंडीचा राजा सिगिस्मुंड याने स्थापलेला मठ आजही चालू आहे.

ही कथा लिहून ठेवली ती लिऑनचा बिशप युकेरियस याने, पाचव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षांनी. त्याने पलटणीची संख्या ६,६०० दिली आहे. इतिहासकारांना एवढ्या मोठ्या कत्तलीबद्दल दाट शंका आहे आणि ती रास्तच आहे. आपल्या प्रकरणापुरतं एवढं लक्षात ठेवायचं की युकेरियस मॉरिसच्या कातडीच्या रंगाबद्दल चकार शब्द काढत नाही. पुढची सात-आठशे वर्षं चित्रकार आणि मूर्तिकार मॉरिस दाखवत राहिले ते गोऱ्या सरदाराच्या रूपात. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

या संताचं जर्मन भूमीशी नातं जोडलं ते जर्मनांचा राजा आणि पुढे मध्ययुगीन जर्मन साम्राज्याचा सम्राट झालेला पहिला ओटो याने. त्याने ९३७ मध्ये एल्बे नदीकाठच्या मागडेबुर्गला मॉरिसच्या नावाचा मठ स्थापला आणि पुढे संताचे अवशेषही तिथे आणवले. ९६८ मध्ये मागडेबुर्ग आर्चबिशपचं पीठ झालं. पूर्वेकडच्या स्लाव्ह मुलखात धर्म आणि सत्ता दोन्ही पसरवायच्या मोहिमेचं ते नाकं होतं, आणि तिथला संरक्षक संत म्हणून सैनिक मॉरिस अगदी चपखल बसला. सम्राटांच्या राज्याभिषेकाच्या चिन्हांमध्ये जो पवित्र भाला होता त्यालाही मॉरिसचा भाला म्हणू लागले. तो आज व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या खजिन्यात ठेवलेला आहे. थोडक्यात, मॉरिस हा साम्राज्याचा संत झाला, एखाद्या कोपऱ्यातल्या गावाचा नव्हे.

गोरा संत काळा झाला तो मागडेबुर्गला

मागडेबुर्गचं जुनं कॅथीड्रल १२०७ मध्ये जळालं. नवं गॉथिक कॅथीड्रल उभं राहत असताना, साधारण १२४० ते १२५० च्या दरम्यान, वालुकाश्मात मॉरिसची एक मूर्ती घडवली गेली. ती आजही तिथेच आहे. खालचा भाग तुटलेला आहे, हातातली शस्त्रं गेली आहेत, पण चेहरा शाबूत आहे, त्यावरचा काळा रंगही बराचसा टिकून आहे.

या मूर्तीकडे जरा निरखून बघायला हवं. अंगात साखळीचं चिलखत आणि त्यावर जाड चामडी अंगरखा. साखळीचंच शिरस्त्राण डोक्यावरून हनुवटीखाली गेलेलं, त्यामुळे केस दिसत नाहीत, कान दिसत नाहीत. दिसतो तो फक्त साखळीच्या चौकटीतला चेहरा. नाक रुंद, ओठ भरलेले, डोळे समोर रोखलेले. आफ्रिकी माणूस प्रत्यक्ष पाहिलेल्या किंवा पाहिलेल्याकडून नीट ऐकलेल्या कारागिराचं हे काम आहे, त्यात थट्टा नाही, भीतीही नाही. समोर उभा आहे तो तेराव्या शतकातला एक पूर्ण हत्यारबंद सरदार, आणि तो काळा आहे. युरोपीय कलेत काळ्या माणसाला इतक्या सन्मानाने घडवल्याचं याआधीचं उदाहरण सापडणं अवघड आहे.

हा बदल का झाला, याची दोन कारणं दिली जातात. पहिलं नावातलं: मॉरिस हे नाव लॅटिनमधल्या मूर या शब्दापासून आलं आहे, आणि बाराव्या शतकातल्या सम्राटांच्या एका जर्मन पद्यबखरीत मॉरिस काळ्या मूरांचा नायक म्हणून येतो. दुसरं कारण राजकारणाचं. तेव्हाचा सम्राट दुसरा फ्रेडरिक सिसिलीत वाढलेला, त्याच्या दरबारात आफ्रिकी माणसं होती, आणि आपलं साम्राज्य सगळ्या जगाचं आहे असा त्याचा दावा होता. दूरच्या खंडातला काळा सरदार साम्राज्याचा रक्षक असेल, तर तो दावा दगडात कोरल्यासारखाच होतो. मला दुसरं कारण अधिक पटतं, कारण नाव तर आधीची कित्येक शतकं तेच होतं आणि त्याने कुणाचा ब्रश काळ्या रंगात बुडाला नव्हता.

मागडेबुर्गपासून काळा मॉरिस पसरला तो मुख्यतः एल्बेच्या पट्ट्यात आणि त्याच्या आसपास. बाल्टिक किनाऱ्यावरच्या रिगा आणि तालिन इथल्या अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघानेही त्याला आपला संत केलं. त्या संघाचं नावच ‘काळ्या डोक्यांचा संघ’ असं पडलं. फ्रान्स-स्वित्झर्लंडकडे मात्र तो बहुतेक गोराच राहिला. आणि १५२० च्या सुमारास जर्मन चित्रकार ग्र्युनेवाल्डने कार्डिनल आल्ब्रेख्तसाठी हाले शहरातल्या चर्चकरता जे चित्र काढलं, ते या परंपरेचं शिखर. चित्र आता म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक संग्रहालयात आहे. डावीकडे सोन्याने मढलेला संत इरॅस्मस, ज्याला चेहरा कार्डिनलचा स्वतःचा दिला आहे. उजवीकडे लखलखत्या चांदीच्या चिलखतात मॉरिस. दोघं समोरासमोर उभे राहून बोलताहेत. इरॅस्मस ऐकतोय, मॉरिस हात पुढे करून काहीतरी समजावतोय. पैसे देणाऱ्या कार्डिनलने स्वतःला एका काळ्या सेनानीच्या बरोबरीने उभं करून घेतलं, आणि यात आपली शान वाढते असंच त्याला वाटलं.

त्यानंतर ही परंपरा ओसरली. एकीकडे धर्मसुधारणेने संतांची मूर्तिपूजाच मोडीत काढली. दुसरीकडे अटलांटिकवरचा गुलामांचा व्यापार वाढत गेला आणि युरोपीय नजरेत काळा माणूस म्हणजे सरदार हे समीकरण मागे पडून काळा माणूस म्हणजे नोकर किंवा माल हे समीकरण रुजलं.

कोबुर्गला संत आला, मग फक्त डोकं उरलं

कोबुर्गचा पहिला लेखी उल्लेख १०५६ चा, पोलंडची राणी रिचेझा हिने कोलोनचा आर्चबिशप आन्नो याला दिलेल्या दानाच्या संदर्भातला. पुढे हा मुलूख साल्फेल्डच्या बेनेडिक्टाइन मठाच्या छायेत आला. गावातलं मुख्य चर्च मॉरिसच्या नावाचं: मोरित्सकिर्श. त्याचे दोन मनोरे एकमेकांच्या उंचीचे नाहीत, त्यामुळे लांबूनही ते ओळखू येतं. १३३१ मध्ये सम्राट लुडविगने कोबुर्गला शहराचे अधिकार दिले आणि १३५३ मध्ये वारशाने ते माइसेनच्या वेटिन घराण्याकडे गेलं. मॉरिस गावाचा रक्षक होता, चर्च त्याचं होतं, तेव्हा शहराच्या खुणेवर त्याचं डोकं येणं स्वाभाविक होतं. मध्ययुगात शहरं आपल्या संरक्षक संताला असंच मिरवत. कुणी पूर्णाकृती, कुणी नुसतं मस्तक, कुणी त्याचं हत्यार.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. वळण येतं ते सोळाव्या शतकात. कोबुर्ग धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याच्या बाजूने गेलं. १५३० मध्ये आउग्सबुर्गला साम्राज्याची मोठी सभा भरली, तेव्हा बहिष्कृत ल्यूथरला तिथे जाणं धोक्याचं होतं, म्हणून तो सुमारे सहा महिने कोबुर्गच्या टेकडीवरच्या किल्ल्यात राहिला. ईस्टरच्या सुमारास त्याने मोरित्सकिर्शमध्ये प्रवचनंही दिली. ज्या चर्चमध्ये संतांची आराधना बंद करायची शिकवण दिली गेली, ते चर्च संताच्याच नावाचं, आणि शहराच्या ढालीवर त्याच संताचं डोकं. कोबुर्गकरांनी नाव बदललं नाही, ढालही बदलली नाही. फक्त संताची भक्ती थांबली.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण मला ती कळीची वाटते. कॅथलिक गावात संताची वेदी असते, वार्षिक उत्सव असतो, मिरवणूक निघते. चिन्हावरचं डोकं कुणाचं हे लहान मुलालाही त्यातून कळतं. ल्यूथरपंथी कोबुर्गमध्ये हा आधार गेला. उरलं ते नुसतं चिन्ह: एक काळं डोकं, कुणाचं ते पुस्तकात बघायचं. आणि हेराल्ड्रीत, म्हणजे ढालींवरच्या चिन्हांच्या शास्त्रात, काळ्या डोक्याचा एक ठोकळेबाज साचा आधीपासून तयार होता. बाजूने चेहरा, कुरळे केस, डूल, कधी कपाळावर पट्टी. धर्मयुद्धात जिंकलेल्या शत्रूचं डोकं म्हणूनही तो साचा वापरला जाई, दूरदेशीच्या व्यापाराची खूण म्हणूनही आणि संत म्हणूनही. कोबुर्गचा मॉरिस हळूहळू या साच्यात ओतला गेला. चिलखत गेलं, भाला गेला, ध्वज गेला, संतपणाचं तेजोवलय नव्हतंच. कानात डूल आलं. मागडेबुर्गच्या मूर्तीत तर कानच दिसत नाहीत. प्रबोधनकाळात काळ्या व्यक्तिरेखांना, विशेषतः बाळ येशूच्या दर्शनाला बेथलेहेमला गेलेल्या तीन राजांपैकी काळ्या राजाला, कर्णभूषणं घालण्याची कलाकारांत रीतच पडली होती. तीच हवा इथेही पोचली असावी.

गंमत अशी की गावात मॉरिसचं दुसरं रूप अजून शिल्लक आहे आणि ते जास्त लाडकं आहे. बाजारचौकातल्या नगरभवनाच्या माथ्यावर हातात दंड घेतलेली त्याची पुतळी उभी आहे. चौकात पाइनच्या सुक्या बोंडांवर भाजलेली सॉसेजं विकली जातात, आणि त्या सॉसेजची लांबी संताच्या हातातल्या दंडाएवढी असायला हवी अशी दंतकथा आहे. गावकरी त्या पुतळीला ‘सॉसेजवाला बुटका’ म्हणतात. देवाशी अशी सलगी करणारे लोक आपल्याला परके वाटू नयेत. पण हेही दिसतं की हुतात्मा सेनानीचं या गावात फारसं काही उरलेलं नाही.

त्याच चौकाच्या मध्यभागी प्रिन्स अल्बर्टचा पुतळा आहे. व्हिक्टोरिया राणीचा हा नवरा कोबुर्गजवळच्या रोझेनाउ महालात १८१९ मध्ये जन्मला. पुतळ्याचं अनावरण १८६५ मध्ये राणीने स्वतः येऊन केलं. मुंबईकरांनी याच अल्बर्टला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहिलेलं असतं. ते संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं तेव्हा त्याचं नावच व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय होतं. युरोपातल्या अर्ध्या राजघराण्यांना कोबुर्गने मुलगे-मुली दिल्या. त्यांच्यातल्या एकाची कथा पुढे येतेच.

तलवार आणि स्वस्तिक

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतली राजेशाही गेली. कोबुर्गच्या जनतेने ३० नोव्हेंबर १९१९ रोजी सार्वमतात शेजारच्या थुरिंजिया राज्यात जायला सुमारे ८८ टक्के मतांनी नकार दिला आणि १ जुलै १९२० पासून शहर बव्हेरियात सामील झालं. नाझी पक्षाच्या दृष्टीने ते सोयीचं ठरलं. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘जर्मन दिन’ नावाच्या मेळाव्याला हिटलर म्युनिकहून खास रेल्वेगाडीने सुमारे साडेसहाशे निमलष्करी स्वयंसेवक घेऊन आला. रस्त्यावर डाव्यांशी मारामाऱ्या झाल्या आणि नाझींनी त्या जिंकल्या. पक्षाच्या पुराणात या सहलीला फार मोठं स्थान मिळालं. दहा वर्षांनी त्यात भाग घेतलेल्यांसाठी ‘हिटलरबरोबर कोबुर्गमध्ये’ असे शब्द कोरलेलं खास पदक काढण्यात आलं. त्यावर स्वस्तिक आहे आणि तलवार आहे.

२३ जून १९२९ रोजी नगरपरिषदेच्या २५ पैकी १३ जागा नाझींना मिळाल्या. जर्मनीतल्या एखाद्या शहरात त्यांना मिळालेलं हे पहिलं पूर्ण बहुमत. १९३१ च्या जानेवारीत नगरभवनावर स्वस्तिकाचा झेंडा चढला. पक्षाचा फ्रान्त्स श्वेडे महापौर झाला. व्हिक्टोरियाचा नातू आणि माजी ड्यूक कार्ल एडुआर्ड हाही नाझींच्या उघड पाठीशी होता. हिटलर सत्तेवर यायच्या आधीच कोबुर्ग त्याचं झालेलं होतं, आणि पुढे या शहराने ‘जर्मनीतलं पहिलं नाझी शहर’ ही पदवी अभिमानाने मिरवली.

अशा शहराच्या ढालीवर काळा माणूस. १९३४ मध्ये तो हटवला गेला. नवी ढाल उभी दुभागलेली, एक बाजू काळी, एक सोनेरी. मध्ये उभी तलवार आणि तिच्या मुठीच्या बोंडावर स्वस्तिक. काळा आणि सोनेरी हे जुन्या ढालीचेच रंग तेवढे राहिले, म्हणजे चेहरा पुसून त्याचा रंग पार्श्वभूमीला फासला. नव्या ढालीचं १९२२ च्या त्या सहलीच्या पदकाशी असलेलं साम्य डोळ्यांत भरतं: शहराची नऊशे वर्षं बाजूला ठेवून एका शनिवार-रविवारच्या मारामारीला शहराचा इतिहास ठरवलं गेलं.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य शहरात शिरलं. तलवार-स्वस्तिक गेलं आणि मूर परत आला. कोबुर्गच्या मनात हे चिन्ह आणि नाझीमुक्ती यांची सांगड बसली ती इथे. मूर नाझींचा बळी ठरला आणि त्याच्याबरोबर, थोडंसं आयतंच, शहरही.

‘आयतंच’ हे मी जाणूनबुजून म्हणतोय. चिन्ह बळी होतं हे खरं. शहर बळी नव्हतं; त्याने मतपेटीतून, इतरांच्या कितीतरी आधी, नाझींना निवडलं होतं.

२०२० चा उन्हाळा

मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला आणि युरोपभर पुतळे, रस्त्यांची नावं, चिन्हं तपासली जाऊ लागली. बर्लिनमध्ये मूरांच्या नावाचा रस्ता होता. त्याला अठराव्या शतकातला घानाहून आलेला जर्मन तत्त्वज्ञ आंतोन विल्हेल्म आमो याचं नाव द्यायचा ठराव तिथल्या विभाग परिषदेने ऑगस्टमध्ये केला. उल्म शहरातल्या मोठ्या चर्चने नाताळच्या देखाव्यातला काळ्या राजाचा जुना लाकडी पुतळा त्या वर्षी न मांडायचं ठरवलं. कोबुर्गविरुद्धची मोहीम याच लाटेतली.

मोहिमेचा मुद्दा संताविरुद्ध नव्हता. हे चित्र वसाहतकाळातल्या ठोकळेबाज व्यंगचित्रांच्या पठडीतलं आहे आणि रस्त्यात चालताना स्वतःच्या रंगाचं असं चित्र पायाखाली बघणाऱ्या काळ्या माणसाला काय वाटत असेल, हा विचार करा, असं त्यांचं म्हणणं. उत्तरादाखल चिन्ह वाचवायची प्रतिमोहीम निघाली आणि तिला जास्त पाठिंबा मिळाला. नगरपालिकेने बदल नाकारला.

दोन्ही बाजूंचे मुद्दे तपासले तर दोन्हीकडे भोकं आहेत. नगरपालिकेकडून नाझी बंदीचा दाखला हमखास दिला जातो. पण नाझींनी काढलं म्हणून चिन्ह निर्दोष ठरत नाही. त्यातून नाझींबद्दल कळतं, रेखाटनाबद्दल काहीच कळत नाही. दुसरा दाखला संताचा. तो खरा आहे, पण ढालीकडे बघून तो कळत नाही. कोबुर्गबद्दल काही न ऐकलेल्या माणसासमोर ही ढाल ठेवली तर हा इजिप्तमधल्या पलटणीचा सेनानी, धर्मासाठी प्राण देणारा हुतात्मा, असं तो जन्मात ओळखणार नाही. मागडेबुर्गच्या मूर्तीला किंवा ग्र्युनेवाल्डच्या चित्राला असं स्पष्टीकरणाचं परिशिष्ट लागत नाही.

मोहीमवाल्यांची बाजू कालगणनेत कच्ची पडते. जर्मन वसाहती सुरू झाल्या १८८४ मध्ये. कोबुर्गचा मॉरिस त्याच्या शेकडो वर्षं आधीचा. काळ्या माणसाला पूजनीय मानणारी युरोपातली ही दुर्मिळ परंपरा आहे. चिन्हच काढून टाकलं तर एका जर्मन शहराच्या सार्वजनिक जीवनातून त्याच्या एकुलत्या काळ्या रक्षकाची हकालपट्टी होईल, आणि १९३४ चंच फळ वेगळ्या हेतूने पुन्हा हाती येईल.

शब्द बांधील, रेषा मोकळी

या पेचातून वाट आहे आणि ती हेराल्ड्रीच्या नियमातच आहे. मला नवल वाटतं की वादाच्या गदारोळात तिच्याकडे फार कमी लक्ष गेलं. कंपनीचा लोगो ठरावीक रेषांचा असतो, त्यात केसाचाही फरक चालत नाही. नगरचिन्ह तसं नसतं. त्याची अधिकृत व्याख्या शब्दांत असते: अमुक रंगाच्या ढालीवर अमुक रंगाची अमुक वस्तू. त्या शब्दांना धरून प्रत्येक काळातल्या चित्रकाराने आपल्या हाताने ते काढायचं. बर्लिनचं अस्वल गेल्या दोनशे वर्षांत कितीतरी तऱ्हांनी काढलं गेलंय, आणि अस्वल बदललं असं कुणी म्हणत नाही. तेव्हा आजच्या ढालीवरचे ओठ आणि डूल ही मध्ययुगाची देणगी मानायचं कारण नाही. तो कुठल्यातरी अलीकडच्या पिढीतल्या चित्रकाराचा हात आहे.

असं पुनर्रेखाटन झाल्याची उदाहरणंही आहेत. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या झेंड्यावर चार मूरांची डोकी आहेत. तिथे पट्टी डोळ्यांवर बांधलेली दाखवत, म्हणजे कैदी. १९९९ च्या कायद्याने पट्टी कपाळावर सरकली आणि चेहऱ्यांची दिशाही बदलली. शेजारच्या कोर्सिकात हेच अठराव्या शतकात, तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता पास्क्वाले पाओली याच्या काळात झालं होतं: पट्टी वर गेली आणि बांधलेला मूर स्वातंत्र्याची खूण झाला. दोन-चार रेषांचं काम, पण अर्थ पार उलटला.

याउलट फ्रायझिंगचं उदाहरण. म्युनिकजवळच्या फ्रायझिंगच्या बिशपांच्या चिन्हात मुकुट घातलेला काळा माणूस १३१६ पासून आहे. तो नेमका कोण, यावर एकमत नाही. २००५ मध्ये पोप झालेल्या सोळाव्या बेनेडिक्टने, जो आधी तिथला आर्चबिशप होता, तो आपल्या पोपपदाच्या ढालीवरही घेतला. त्या डोक्यावर मुकुट आहे म्हणून त्याच्याविरुद्ध ओरड कमी झाली, असा माझा कयास. मुकुट घातलेल्या माणसाला हसणं अवघड असतं.

कायद्याचीही अडचण नाही. बव्हेरियाच्या नगरपालिका कायद्यात शहरांना आपली ऐतिहासिक चिन्हं वापरायचा हक्क आहे. त्यात बदल करायचा असेल तर राज्य अभिलेखागाराच्या संचालनालयाचा सल्ला घेणं बंधनकारक आहे, आणि तो सल्ला मानायचा नसेल तर प्रस्ताव वरच्या देखरेख यंत्रणेपुढे ठेवावा लागतो. व्याख्येतले शब्द तसेच ठेवून नुसतं नव्याने चित्र काढायचं तर मामला आणखी सोपा. डूल उतरवायचं, चेहऱ्याला मागडेबुर्गच्या मूर्तीचा गंभीर भाव द्यायचा. एक पाऊल पुढे जायची तयारी असेल तर साखळीचं शिरस्त्राण चढवायचं किंवा डोक्यामागे वलय द्यायचं. मग व्याख्येत दोन शब्द वाढतील आणि अभिलेखागाराशी पत्रव्यवहार होईल. पण त्यानंतर हे संत मॉरिस आहेत असं सांगायला नगरपालिकेला पत्रक काढावं लागणार नाही.

हे होत नाही याचं कारण शास्त्रात सापडत नाही, ते स्वभावात आहे. बाहेरच्या मोठ्या शहरातून कुणी येऊन तुमचं चिन्ह वाईट आहे म्हटलं की त्याची एक रेषही हलवणं गावाला हार वाटते. १९३४ ची आठवण त्यात भर घालते: एकदा वरून आलेल्या विचारसरणीपुढे हा चेहरा पुसला गेला, आता पुन्हा नाही. ही भावना मी समजू शकतो. मात्र तीच भावना रेखाटनाला संताएवढंच पवित्र करून बसली आहे, आणि संताला त्याचं चिलखत परत द्यायच्या आड आज तीच येते.

बदल झालाच तर तो सह्यांच्या मोहिमेने होणार नाही असा माझा अंदाज आहे. मोरित्सकिर्शमध्ये बसणाऱ्या, नगरभवनाखाली सॉसेज खाणाऱ्या लोकांपैकीच कुणीतरी, वाद थंडावल्यावर, मागडेबुर्गच्या मूर्तीचा फोटो नगरपरिषदेच्या टेबलावर ठेवील आणि विचारील की आपला मॉरिस असा का नाही. लोखंडी झाकणं सगळी एकदम बदलायची गरज नाही. जी झिजतील ती नव्या साच्याची बसवावीत.